बोटात रुतलेली टाचणी

पहिलं नाव अक्कांचं. खरं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. त्या नसत्या तर जे घडायचं ते आम्हाला काही कळायच्या आत घडून गेलं असतं. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. लिहिताना हात थांबतो, हे बरोबर का ते बरोबर अशी धास्ती वाटते. तरी एवढं लिहायचंच ठरवलंय, कारण तोंडाने आभार मानायला गेलं की अक्का म्हणतात, "अय्यो, पुरे गं. हुक लाव तेवढे."

चामराजपुरमला आम्ही माडीवर दोन खोल्यांत भाड्याने राहतो. खाली रस्त्याच्या अंगाला अक्कांचं शिवणाचं दुकान. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म आणि गोकुलमला योगा शिकायला येणाऱ्या फॉरेनरांच्या सैल सुती पँटी. अक्कांचे वाडवडील कधीतरी शिंपीकाम करत म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. देव्हाऱ्यात विठ्ठल आहे, बोलण्यात मराठी आहे, पण लग्न होऊन मी इथे आले तेव्हा ती मराठी ऐकून गांगरलेच होते. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन जिन्यात उभी, तर खालून आवाज आला, "सुम्ने काय उभी राहिलीस गं? ये की आत!" सुम्ने म्हणजे उगाच, हे मागाहून कळलं. 'ये की' मात्र लगेच कळलं. आईचं घर सोडून आल्यापासून मला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं.

आम्ही आटपाडीकडचे. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातला हिणकस भाग काढायचा आणि शुद्ध करून परत द्यायचं, हे गलाईचं काम. म्हैसूरला माझ्या थोरल्या दिरांचं दुकान आहे आणि आमचे हे तिथेच त्यांच्या हाताखाली. सोळाव्या वर्षापासून भट्टीपुढे बसलेले. बोटं तेजाबाने पिवळट झालेली, नखं खाल्ल्यासारखी. वर विड्यांचा नाद. मी म्हणायची, "दिवसभराचा धूर पुरत नाही का?" तर म्हणायचे, "तो धंद्याचा, हा माझा."

पहिली खूण मी बघितली आणि हसले. हे लिहिताना अजून लाज वाटते. शिमगा होऊन गेला होता. ह्यांनी गॅसवरचं चहाचं भांडं सांडशीशिवाय नुसत्या हाताने उचललं आणि गाळणी कुठंय म्हणून विचारत राहिले. मी ओरडले, "अहो, हात!" त्यांनी भांडं ठेवलं, बोटांकडे बघितलं. बोटं लालबुंद. "काही नाही गं, गलाईवाल्याचे हात," असं म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मी मुलीलासुद्धा कौतुकाने सांगितलं, पप्पांचे हात बघ कसे लोखंडाचे.

मग मुलीच्या पैंजणाची कडी लावताना ती ह्यांच्या हाताला लागेना. मग शर्टाची बटणं. सकाळी हे आरशापुढे उभे राहून एकच बटण किती वेळ लावायचे. नजर बोटांवर असली तर जमायचं, नजर काढली की सुटायचं. मीच लावून द्यायला लागले. "दादाला सांगू नकोस, तो मला भट्टीवरून उठवंल," असं म्हणाले. मी नाही सांगितलं. पण दिरांच्या लक्षात आलं. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, ते ह्यांच्या चिमट्यातून निसटलं आणि सगळं जमिनीवर सांडलं. संध्याकाळी दीर घरी आले. ते माझ्याशी सरळ बोलत नसत. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही, सगळं भावामार्फत.

"बोटं मेली का?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"जरा बधिर हाईत."

"तेजाबानं हुतं तसं. मला नव्हतं झालं? आपल्यातला कोण सुटलाय त्यातनं? दोन महिने गावी गेलो, आईच्या हातची ताकभाकरी खाल्ली, आली बोटं जाग्यावर. तू बी जा. तिला सांग, बॅग भर म्हणावं."

यात दिरांचं काही वाईट नव्हतं. गलाईवाल्यांत हे असंच चालतं. बोटं बधिर झाली की गाव. खोकला झाला की गाव. तेजाबाची वाफ अंगातून उतरायला गावची हवा लागते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बऱ्याच जणांना उतारही पडतो. म्हणून डॉक्टर आम्हाला सुचलाच नाही. मी बॅग भरली.

गावी दोन महिने काढले. सासूबाईंनी तुपाने हात चोळले, कडुलिंबाच्या पाण्यात बुडवले. हे वाळत चालले होते. जेवण कमी झालं तर आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. चालताना पाय आपटत चालायला लागले, जणू जमीन कुठे आहे ते ठोकून बघतायत. पोरं मागून नक्कल करायची. हेही त्यांच्याबरोबर हसायचे, मुद्दाम आणखी आपटायचे. परत आलो तेव्हा दीर बघून म्हणाले, "एवढ्यानं भागलं न्हाई. तेजाब लई मुरलंय. आता दिवाळीपतूर गावीच ऱ्हावा." मुलीचं नाव शाळेतून काढायचं ठरलं. सांगलीच्या गाडीची तिकिटं काढली. मी भांडी पोत्यात बांधली.

निघायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं खोलीची चावी द्यायला खाली अक्कांकडे गेलो. ह्यांच्या हातात दोन शर्ट.

"अक्का, ह्याची बटणं काढून टिचबटणं लावून देता का?"

अक्का ह्यांना तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का हो तम्मा? लग्नाला बारा वर्षं झाली, आता शर्ट काढायची एवढी घाई कसली?"

मी पदर तोंडाला लावला. हे हसत म्हणाले, "ही सकाळी वेळेवर हाताशी नसते."

"म्हणजे बटणं ही लावते होय? म्हैसूरला महाराज एकच, हं. दुसरा नको आम्हाला."

हे हसत हसत अक्कांच्या फळीला टेकले. फळीवर खडू, कात्री, टाचण्या पसरलेल्या. बोलता बोलता त्यांनी हात उचलला आणि कान खाजवला. अक्कांचं मशीन थांबलं. मला आधी कळेना त्या काय बघतायत. ह्यांच्या मधल्या बोटात टाचणी रुतली होती, अर्धी आत. आणि हे शर्टाबद्दलच बोलत होते, कॉलर घासलीय, तीही उलटी करून द्या म्हणून.

"हात द्या," अक्का म्हणाल्या. त्यांनी टाचणी उपसली. रक्ताचा थेंब आला. "दुखलं?"

"काय?" ह्यांनी विचारलं.

मी घाईघाईने म्हणाले, "तेजाबाने बोटं मेलीत त्यांची. गावी गेलं की येतात परत."

"मागच्या वेळी गेला होतात ना? आली?"

मी पदराने ह्यांच्या बोटावरचं रक्त पुसायला लागले.

"आणि ती चप्पल?" अक्कांनी जिन्याकडे बोट दाखवलं. ह्यांची एक चप्पल तिसऱ्या पायरीवरच राहिली होती. एक पाय अनवाणी घेऊन ते खाली आले होते, रस्त्यावरच्या खडीतून दुकानात शिरले होते. "तुमच्या दुकानात पाय पण बुडवतात काय तेजाबात?"

ह्यांनी खाली बघितलं. आपल्याच पायाकडे इतका वेळ बघत राहिले की मला भीती वाटली. कुणी दुसऱ्याचा पाय आणून लावलाय असं बघणं होतं ते.

अक्का उठल्या, मशीनवर कापड टाकलं. "गाव कुठे पळून जात नाही. उद्याची गाडी राहू दे. सकाळी दवाखाना."

मी म्हणाले, "दीर रागावतील."

"रागावू देत. मी बघते त्यांच्याकडे. मी काही त्यांची धाकटी भावजय नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांपुढे आम्ही तिघं. डॉक्टर कानडीत विचारणार, अक्का सांगणार. मला बाजारापुरतं कानडी येतं, कानावर पडलं तर पुष्कळ कळतंही, पण डॉक्टरांपुढे जीभच उचलत नाही. त्यांनी ह्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. हे मिटताक्षणी झाडासारखे कलले. अक्कांनी आणि नर्सने धरलं म्हणून बरं. मग डॉक्टरांनी विचारलं, हे किती दिवसांपासून?

"एक महिना," मी म्हणाले.

अक्का माझ्याकडे वळल्या. "खरं सांग गं."

मी चहाच्या भांड्यापासून सगळं सांगितलं. गावचे दोन महिनेही सांगितले. डॉक्टर लिहीत होते. विड्या किती, वजन किती उतरलं, तेही विचारलं.

तेजाबाची, धातूंची, साखरेची, कसली कसली तपासणी झाली. सगळं ठीक आलं. मी विठ्ठलाला हात जोडले. डॉक्टरांचा चेहरा मात्र सैल झाला नाही. ते अक्कांशी बराच वेळ बोलले. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून अक्कांनी आम्हाला समजावलं, तेही शिवणाच्या भाषेत, कारण त्यांना दुसरी येत नाही.

"आत कुठेतरी एक गाठ असेल म्हणतात. वाईट गाठ. शरीराला तिचा वास लागलाय, ते तिला कापायला निघालंय. पण त्या गाठीचं कापड आणि तुमच्या नसांचं कापड, दोन्ही त्याला एकाच ठाणातलं दिसतंय. म्हणून गाठ कापताना ते नसाही कापत सुटलंय."

"गाठ हाय कुठं?" ह्यांनी विचारलं.

"ती अजून सापडली नाही. शोधायची. गाठ एवढीशी असते, तिचं काही दुखत नाही, आणि नसा आधी ओरडतात. असं क्वचित होतं म्हणे."

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे-उताणे करून बघितले. "म्हंजे माझं तेजाब निर्दोष सुटलं," असं म्हणाले. अक्का हसल्या नाहीत. मीही नाही.

छातीचा साधा फोटो चांगला आला होता. मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत एक छोटीशी गाठ दिसली. सुई घालून तुकडा काढला. कॅन्सर निघाला, लहान पण फार तापट जातीचा. दवाखान्यातला प्रत्येक कागद अक्कांनी मला ओळ न् ओळ वाचून दाखवला. मागे माणसं खोळंबलेली असायची, खिडकीतला माणूस "बेगा, बेगा" करून घाई करायचा. अक्का म्हणायच्या, "हिचा नवरा आहे. हिला कळल्याशिवाय सही होणार नाही."

डॉक्टर म्हणाले, फार लवकर सापडलाय. एरवी हा कॅन्सर सापडतो तेव्हा सगळीकडे पसरलेला असतो. मी अक्कांना म्हटलं, "त्यांना विचारा, दोन महिने आधी आलो असतो तर?"

अक्कांनी विचारलं. डॉक्टर सावकाश, पुष्कळ बोलले. अक्कांनी मान हलवली आणि मला एवढंच सांगितलं, "झालं ते झालं, आता पुढचं बघा म्हणतात."

ते तसं म्हणाले नव्हते. मला कळलं होतं. ते म्हणाले होते की मेलेल्या नसा परत येत नाहीत. दोन महिने आधी आले असते तर हात बहुतेक राहिले असते, पाय तर नक्कीच. मी अक्कांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी नजर खिडकीबाहेर लावली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी म्हणाले, "बरं." त्यांचं ते खोटं मी आजवर मोडलेलं नाही. हे लिहून पहिल्यांदाच बाहेर काढतेय.

केमो झाली, किरणांचा शेक झाला. नसांवरचा हल्ला थांबवायला महागामोलाची इंजेक्शनं झाली. गाठ विरघळली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली, जिथे होती तिथे काही नव्हतं. पण हात आले नाहीत. हे काठी घेऊन, पायांवर नजर ठेवून चालायचे. मान वर केली की तोल जायचा. दिवे गेले तर असतील तिथे भिंत धरून उभे राहायचे आणि हाक मारायचे. त्या दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावरची मशालींची कवायत बघायला मुलीला अक्का घेऊन गेल्या. अंधारातल्या गर्दीत ह्यांना उभंच राहता आलं नसतं.

भट्टीवर तर जायचंच नव्हतं. मुलीला शाळेत पोचवायचं काम त्यांनी मागून घेतलं. मी गॅलरीतून बघायची. रस्ता ओलांडताना ते तिचा हात धरायचे आणि दर चार पावलांनी खाली बघायचे, तिचा हात आपल्या हातात आहे ना ते. असला तरी त्यांना कळायचं नाही. मुलीला हे आपोआप समजलं होतं. ती सारखी बोलत राहायची, अर्धं कानडी, अर्धं मराठी, "पप्पा, मी आहे. पप्पा, इल्ले इद्दीनी." इथेच आहे. एकदा घरी येऊन म्हणाले, "हिच्या हाताला ऊब असंल का गं? तू सांग बरं." मी मुलीचा हात हातात घेतला आणि सांगितलं, आहे. चांगला गरम आहे.

असं एक वर्ष आणि वर थोडे महिने गेले. मग गाठ परत आली, या वेळी डोक्यात. या वेळी नसांनी आधी काही सांगितलं नाही, सांगायला त्या उरल्याच कुठे होत्या. त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर, पाहुणे शहर सोडून गेले होते, रस्त्यांवरची रोषणाई उतरवत होते, त्या दिवसांत एका दुपारी हे गेले. मी त्यांचा हात धरला होता. त्यांना ते कळलं नसणार. मी मुलीसारखं बोलत राहायला हवं होतं. ते मला सुचलं नाही.

तेराव्यानंतर दीर माडीवर आले. मी आत स्वयंपाकघरात होते. ते उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून माझ्याशी बोलले.

"मी पाठवलं त्याला गावी."

त्यांचीही बोटं पिवळी, नखं खाल्लेली. ती चौकटीवर ठेवलेली होती. मी म्हणाले, "बॅग मी भरली होती, भाऊजी."

मग ते म्हणाले, "परवा भट्टीवरच्या एका पोराची बोटं बधिर झाली म्हणून तो गावाकडं निघाला होता. तिकिटं फाडली मी त्याची. दवाखान्यात नेलं. त्याचं तेजाबच निघालं." आणि तिथेच जिन्यावर बसून ओक्साबोक्शी रडले.

आता मी सकाळी मुलगी शाळेत गेली की खाली अक्कांकडे बसते. हुक, काज, दुमड. हळूहळू कटिंगही शिकवतायत. पहिल्या महिन्यात बोटाला टाचणी टोचली की मी हात तसाच धरून बसायची. दुखतंय हे बघत बसायची. अक्का मशीन चालवत राहायच्या.

मध्ये एकदा धागा ओवता ओवता मी विचारलं, "अक्का, तुमचं मूळ गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "कुणाला ठाऊक गं. सातारा म्हणायचे, कुणी पंढरपूर म्हणायचं. आम्ही कोण बघायला गेलं?" जन्मभर मराठी बोललेल्या या बाईने महाराष्ट्र एकदाही बघितलेला नाही. नवरा आजारी, मग सासू, मग दुकान, मग गुडघे. आणि मग आम्ही.

अक्का, तुमचं मी फेडणार आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून फेडायची पाळी मात्र देवाने माझ्यावर आणू नये, एवढंच मागते. गुडघे जरा हलके झाले की तुम्हाला माझ्या आईच्या घरी नेईन. गाडीत खिडकीची जागा तुमची. तिथे मशीनला हात लावू देणार नाही. बाया कापडं घेऊन आल्या तर दारातूनच परत लावीन. उन्हं अंगावर येईपर्यंत झोपा. मी भाकरी करून हाक मारीन, ये की म्हणून. कधी ते आज सांगता येत नाही, मुलगी अजून लहान आहे आणि मला कटिंगही धड येत नाही. पण नेईन. तोवर तुम्ही राहा.